पाठीसाठी गादी किती कडक?

कंबर धरली की आपल्याकडे दोन सल्ले न मागता मिळतात. एक, तेल चोळून शेक घ्या. दुसरा, ती मऊ गादी आधी काढून टाका आणि फळीवर झोपा. हा दुसरा सल्ला शेजाऱ्यापाजाऱ्यांचा म्हणून हसण्यावारी न्यावा, तर तसंही नाही. कित्येक वर्षं अस्थिरोगतज्ज्ञ तोच देत आले. पलंगाच्या स्प्रिंगांवर प्लायवूड टाका, वर पातळ गादी घाला, असं ज्यांना सांगितलं गेलं ते रुग्ण आज साठी-सत्तरीत आहेत आणि त्यांनी तो सल्ला पुढच्या पिढीकडे इमानाने पोचवला आहे. घरातल्या कर्त्या माणसाला उसण भरली की तो हॉलमध्ये फरशीवर सतरंजी टाकून निजतो आणि सकाळी भिंतीचा आधार घेत, कण्हत उठतो. तेव्हाही दोष आधीच्या गादीलाच जातो. फरशीला कुणी काही बोलत नाही.

जितकं कडक तितकं पाठीला चांगलं, हे बराच काळ सगळ्यांनी धरून चालवलं होतं. ते नीट तपासलं गेलं २००३ साली, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलेल्या स्पेनमधल्या एका अभ्यासात. फ्रान्सिस्को कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीचे ३१३ रुग्ण घेतले. यांच्या दुखण्यामागे ठोस आजार सापडलेला नव्हता. अंथरुणात पडलं की दुखायचं आणि उठताना दुखायचं. त्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले आणि प्रत्येकाच्या घरी नवी गादी पोचवली. एका गटाला कडक, दुसऱ्याला मध्यम. कोणती कुणाला मिळाली हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. गाद्यांचा कडकपणा युरोपीय मानकाच्या पट्टीवर मोजलेला होता. तिथे १ म्हणजे सर्वांत कडक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ. कडक गाद्या २.३ वर होत्या, मध्यम ५.६ वर. ९० दिवसांनी विचारपूस झाली तेव्हा मध्यम गादीवाल्यांचं अंथरुणातलं दुखणं, उठतानाचं दुखणं आणि रोजच्या कामांतली अडचण, तिन्ही गोष्टी कडक गादीवाल्यांपेक्षा जास्त सुधारलेल्या होत्या.

५.६ म्हणजे लुसलुशीत मऊ नव्हे, हे इथेच सांगितलेलं बरं. बोट दाबलं तर रुतेल, पण त्यावर बसलं तर माणूस बुडणार नाही, एवढंच ते मऊपण. आणि सुधारणा कमीअधिक दोन्ही गटांत झाली होती. जुनी गादी जाऊन नवी आली, याचा त्यात वाटा असणार. अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात बर्ट जेकबसन यांनी मोठा आजार नसलेल्या ५९ जणांना २८ रात्री त्यांच्याच जुन्या अंथरुणावर आणि पुढच्या २८ रात्री नव्या मध्यम-कडक गादीवर झोपवलं, तेव्हाही पाठीचं दुखणं उतरलं. त्यांच्या जुन्या गाद्यांचं सरासरी वय साडेनऊ वर्षं होतं. आपल्याकडे लग्नात आलेली गादी मुलांच्या लग्नापर्यंत वापरणारी घरं आहेत, त्यामुळे साडेनऊ वर्षांना आपण जुनं म्हणणार नाही, ही गोष्ट वेगळी.

पण गादीने चमत्कार होतो असंही कुणी समजू नये. डेन्मार्कमध्ये १६० रुग्णांना पाण्याची गादी, शरीराचा आकार घेणारा फोम आणि जपानी धर्तीचं कडक अंथरूण यांपैकी एकेक देऊन महिनाभर पाहिलं. पहिल्या दोन प्रकारांना कडक अंथरुणापेक्षा बरे गुण मिळाले, मात्र फरक थोडाच होता. २००८ साली छापून आलेला हा निष्कर्ष गाद्यांच्या जाहिरातीत कधी दिसत नाही, यात नवल नाही. कडक अंथरूण जिंकलं नाही, एवढं मात्र इथेही दिसलं.

असं का व्हावं, ते शरीराकडे पाहिलं की कळतं. माणूस आडवा झाला की मणक्यांवरचा भार उतरतो. स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी स्वयंसेवकांच्या कमरेच्या दोन मणक्यांमधल्या चकतीत चक्क सुई घालून दाब मोजला होता. उभं असताना जेवढा दाब, त्याच्या साधारण पाव हिश्शावर तो उताणं झोपल्यावर येतो. दिवसभर दबलेल्या चकत्या रात्री पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा एक-दीड सेंटिमीटर जास्त भरते. हे काम चालू असताना कणा त्याच्या नैसर्गिक वळणात राहिला आणि आजूबाजूच्या स्नायूंना ताठ राहावं लागलं नाही, की गादीने आपलं काम केलं.

अडचण अशी की आपलं शरीर सपाट नसतं. कुशीवर झोपलं तर खांदा आणि कटीचं हाड बाहेर येतं आणि कंबर आत जाते. फळीवर झोपलेल्याचा खांदा आत जाऊ शकत नाही, म्हणून कंबर अधांतरी राहते आणि रात्रभर तिथले स्नायू तिला सावरून धरतात. शिवाय सगळा भार दोन हाडांच्या टोकांवर येतो. तिथलं रक्त अडतं, बधिरपणा येतो, माणूस सारखा कूस बदलतो. झोप तुटते, आणि तुटलेल्या झोपेने दुखणं आणखी जाणवतं. याउलट फार मऊ किंवा खड्डा पडलेल्या गादीवर नितंब, म्हणजे शरीराचा सर्वांत जड भाग, खाली जातो आणि कणा झोळीत घातल्यासारखा वाकतो. पालथं झोपणाऱ्यांचे तर मऊ गादीवर हालच. पोट खाली जातं, कंबर मागे मोडते आणि श्वासासाठी मान एका बाजूला पिळलेली राहते.

तुमची गादी यांपैकी कुठे बसते, हे बघायला दुकान लागत नाही. नेहमीच्या गादीवर उताणं पडा, पाय सरळ ठेवा, पाच मिनिटं अंग सैल सोडा. मग कमरेच्या पोकळीत हाताचा पंजा आडवा सरकवा. पंजा सहज आरपार गेला आणि वर जागाही उरली, तर गादी तुमच्यासाठी जास्त कडक आहे. पंजा घालायला अंग उचलावं लागलं, तर जास्त मऊ. थोडं घासत, पण न ढकलता गेला, तर तुमचं बरं चाललंय. कुशीवरची तपासणी दुसऱ्याने करायची. मागे उभं राहून मानेपासून माकडहाडापर्यंत मणक्यांची रेघ बघायची किंवा मोबाइलवर फोटो काढायचा. रेघ जमिनीला समांतर हवी. ती मध्ये खाली झुकली की गादी मऊ, कंबर खाली लोंबून खांदा वर उचललेला दिसला की कडक.

या तपासणीचा निकाल एकाच गादीवर नवरा-बायकोचा वेगवेगळा येतो, आणि तसा यायलाच हवा. पंचेचाळीस किलोच्या बाईला जी गादी दगडासारखी लागते, तीच नव्वद किलोच्या माणसाखाली दबून मऊ होते. म्हणून ‘मध्यम’ हा शब्द गादीच्या लेबलवर वाचून काही उपयोग नाही. एका कंपनीचं मध्यम दुसरीचं कडक असतं. स्पेनच्या अभ्यासात निदान पट्टी तरी होती. आपल्या बाजारात प्रत्येकाची पट्टी वेगळी.

आता आपल्या घरांत काय असतं ते बघू, कारण सल्ला तिथेच लागू करायचा आहे. जुन्या पिढीची गादी कापसाची. पिंजाऱ्याकडे ती किलोवर सांगितली जायची: आठ किलोची, दहा किलोची. कापूस किती आणि टाके किती जवळ, यावर तिचा कडकपणा ठरे. नवी गादी फुगीर असते, सहा महिन्यांत बसते, घामाने आणि वजनाने कापसाच्या गाठी होतात आणि कमरेखाली तळ लागतो. मग पिंजारी दारात येई, खोळ उसवून कापूस धनुकलीवर पिंजे, नवी भर घालून पुन्हा शिवे. खेड्यात बाजेचीही तीच तऱ्हा. सुंभ किंवा नवार सैल पडून बाज मध्ये झोळ खाऊ लागली, की कुणीतरी चौकटीवर पाय देऊन पायथ्याच्या दोऱ्या आवळायचा. कडकपणा जमवून घेणं ही म्हणजे आपल्याकडे दर वर्ष-दोन वर्षांची घरगुती कामगिरी होती. आता पिंजारी दुर्मीळ झाले आणि ती कामगिरीही सुटली. गादी एकदा घेतली की तिच्याकडे कुणी बघत नाही.

१९६० च्या दशकात काथ्याच्या गाद्या आल्या. नारळाच्या काथ्याला पीळ देऊन, त्यावर रबराचा चीक फवारून, दाबून केलेल्या लाद्या. मणिपालच्या ‘कर्लऑन’ने त्या घराघरांत पोचवल्या. या गाद्या मुळात कडक. त्या स्प्रिंगच्या किंवा पट्ट्यांच्या पलंगावर होत्या तोवर खालून थोडी लवचीकता मिळायची. शहरी घरांत जागा वाचवायला बॉक्सचा पलंग आला. त्याच्या प्लायवूडवर चार इंची काथ्याची गादी टाकली की फळीवर झोपण्याचा तो जुना सल्ला आपोआप पाळला जातो. महाराष्ट्रातल्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांत पाठीची तक्रार गादी मऊ असल्याची नसून ती फार कडक असल्याची आहे, असं माझं मत आहे. आणि नेमकी हीच माणसं दुकानात जाऊन आणखी कडक ‘ऑर्थो’ गादी मागतात.

‘ऑर्थोपेडिक’ या शब्दामागे ठरलेला कुठलाही वैद्यकीय मापदंड नाही. तो कुणीही छापू शकतो. या नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाद्यांच्या पोटात रीबॉन्डेड फोम असतो: कारखान्यातल्या फोमचे तुकडे करून, चिकटद्रव्य घालून, दाबून केलेल्या रंगीबेरंगी ठिपक्यांच्या लाद्या. खालच्या आधाराला हा माल चांगला, टिकाऊ आणि स्वस्त. पण त्यावर जेमतेम अर्धा इंच मऊ थर देऊन पाठदुखीवरचा उपाय म्हणून विकायचा, हे मला पटत नाही.

फोमच्या दुकानात आणखी एक घोळ कायम चालतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘कडक पाहिजे, चाळीस डेन्सिटी द्या.’ दुकानदारही मूठ दाबून दाखवतो. डेन्सिटी म्हणजे फक्त वजन: ३२ डेन्सिटी म्हणजे त्या फोमचा एक घनमीटर ३२ किलोचा भरतो. त्यावरून तो किती वर्षं टिकेल याचा अंदाज येतो. कडकपणा ही निराळी गोष्ट आहे. चाचणीत एक गोल तबकडी फोममध्ये त्याच्या जाडीच्या ४० टक्के खोल दाबायला किती जोर लागतो ते मोजतात. त्यामुळे ४० डेन्सिटीचा फोम मऊही असतो आणि कडकही, आणि २३ डेन्सिटीचा कडक लागणारा फोम वर्षभरात बसून खड्डा पाडू शकतो. टिकाऊपणासाठी डेन्सिटी विचारायची आणि कडकपणासाठी त्यावर चप्पल काढून झोपायचं, तेही आपल्या नेहमीच्या कुशीवर आणि दहा-पंधरा मिनिटं. दुकानात आडवं पडायला माणसं लाजतात, पण मुठीला कंबर नसते.

गादी कडक निघाली तर ती टाकून द्यायची गरज बहुधा पडत नाही. खालचा आधार भक्कम आहे, वरचा मऊ थर तेवढा कमी आहे, आणि तो थर म्हणजेच टॉपर. एक इंची टॉपर जाहिरातीपुरता. खांदा तेवढ्यात मावत नाही. साधारण बांध्याच्या माणसाला दोन इंच पुरतात. वजन जास्त असेल किंवा कुशीवरच झोपायची सवय असेल तर तीन. चार इंचांचा टॉपर म्हणजे मऊ गादीच झाली, आणि आपण निघालो होतो तिथून उलट्या टोकाला पोचलो.

टॉपर कशाचा घ्यावा? मेमरी फोम सर्वांना ठाऊक आहे. १९६६ साली अमेरिकेत नासाच्या एम्स केंद्रासाठी, विमानातल्या आसनांच्या उशा सुधारायला, चार्ल्स योस्ट यांनी तो बनवला. उष्णता आणि दाब मिळाला की तो हळूहळू वितळल्यासारखा आकार घेतो, त्यामुळे खांद्याखालचा दाब छान उतरतो. पण उष्णतेवर चालणारा माल असल्याने तो हवामानाप्रमाणे वागतो. नाशिकच्या जानेवारीत पहिली दहा मिनिटं पाटासारखा, तर रत्नागिरीच्या मे महिन्यात लगेच लिबलिबीत आणि वर पाठ घामाने चिंब. कूस बदलताना तो अंगाला धरून ठेवतो, आणि ज्याची कंबर आधीच दुखते त्याला कूस वळायलाच जोर लावावा लागतो. आपल्या हवेत, आणि विशेषतः कंबरदुखीवाल्याला, मी लेटेक्स सुचवेन. रबराच्या चिकाचा हा फोम दाबला की लगेच परत येतो, त्यातल्या भोकांतून हवा खेळते, वळताना तो साथ देतो. महाग आहे आणि उचलायला जड आहे, हे खरं. दोन्ही परवडत नसतील तर फोमवाल्याकडून मऊ पण चांगल्या डेन्सिटीच्या एचआर फोमची दोन इंची शीट पलंगाच्या मापाने कापून घ्यावी आणि सुती खोळ शिवावी. हे काम गावोगावी होतं, आणि ७५ बाय ६० चा पलंग असो की जुना ७२ बाय ४८ चा, माप हवं ते मिळतं.

टॉपर आणून त्यावर ताठ, जाड, पाणी न शिरणारं प्लास्टिकचं आवरण चापून बसवलं तर पैसे वाया गेले. वरची कातडी ताणलेली राहिली की खालचा फोम रुतूच शकत नाही. त्या आवरणाला ताण असलेलं, विणीचं कापड हवं. आणि टॉपरने पलंगाची उंची वाढते, तेवढीही दोन-तीन इंच बघायला हवी. काठावर बसल्यावर पाय पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत, नाहीतर आजी-आजोबांना रात्री उठताना कंबरेची सोय पाहून गुडघ्याची गैरसोय व्हायची.

खड्डा पडलेल्या गादीला मात्र टॉपर लागू पडत नाही. नवा थर खालच्या खड्ड्याचाच आकार घेतो. पहिले चार दिवस बरं वाटतं, मग पहिले पाढे पंचावन्न. खड्डा मोजायला गादीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सुतळी ताणून धरा किंवा लांब काठी आडवी ठेवा आणि खालची फट मोजपट्टीने मोजा. रिकाम्या गादीत इंचभराहून जास्त फट दिसली तर ती गादी संपली. अर्ध्या इंचापर्यंत असेल तर डोक्याकडची बाजू पायाकडे फिरवून काही महिने काढता येतात. दोन्ही बाजूंनी वापरायची असेल तर पालथीही करावी. एकाच बाजूला मऊ थर असलेली गादी उलटू नये. कधी दोष गादीचा नसून खालच्या आधाराचा असतो: पट्ट्या तुटलेल्या, प्लायवूड मध्ये वाकलेलं. ते कळायला गादी चार रात्री सरळ फरशीवर टाकून झोपा. फरक पडला तर सुताराला बोलवा, गादीवाल्याला नको.

मोठा खर्च करण्याआधी अशा छोट्या चाचण्या कराव्यात, असं मला मनापासून वाटतं. कडक गादीवाल्याने दोन जाड दुलया किंवा तीन-चार गोधड्या घड्या न पडू देता सपाट अंथराव्यात आणि आठवडाभर त्यावर झोपून बघावं. गोधडी पटकन दबते, तिची मऊ लवचीक उशी होत नाही, पण कमी कडकपणा आपल्याला मानवतो का याचा कौल तिच्याकडून मिळतो. सकाळचं दुखणं थोडंही उतरलं तर टॉपर घ्यायला हरकत नाही. गावी किंवा नातेवाइकांकडे गेल्यावर पाठ बरी राहते आणि घरी आलं की दुखते, हीसुद्धा मोठी खूण आहे. मात्र नवी गादी किंवा टॉपर आल्यावर पहिल्या आठवड्यात निकाल देऊ नये. वर्षानुवर्षं एका पद्धतीने झोपलेलं शरीर सवय बदलायला तीन-चार आठवडे घेतं. काही ऑनलाइन कंपन्या शंभर रात्री वापरून परत करण्याची मुभा देतात. ती जाहिरात असली तरी कामाची आहे. परतीचा माल मूळ पिशवीत कोंबता येत नाही, तेव्हा नेण्याची जबाबदारी कुणाची ते आधी विचारून घ्यावं.

गादीला हात न लावताही बरंच जमतं, ते उशांनी. उताणं झोपणाऱ्याने गुडघ्यांखाली उशी किंवा गुंडाळलेली चादर ठेवली की कमरेची कमान सैल पडते. कुशीवर झोपणाऱ्याने दोन गुडघ्यांमध्ये उशी धरावी, म्हणजे वरचा पाय पुढे पडून कंबर पिळत नाही. ही उशी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पोचणारी हवी. छोटी उशी रात्री निसटते. पालथं झोपण्याची सवय मोडवतच नसेल तर ओटीपोटाखाली पातळ उशी. टॉपर घातल्यावर खांदा आत जातो, म्हणून डोक्याखालची जुनी उंच उशी आता जास्त होते आणि मान दुखू लागते. मग माणसं टॉपरला बोल लावतात.

नवरा-बायकोच्या वजनात मोठा फरक असेल तर सहा फुटी एकच गादी घेण्याचा आग्रह सोडावा. पूर्वी दोन तीन-तीन फुटी गाद्या शेजारी टाकत, ती पद्धत शहाणपणाची होती. एकीवर टॉपर, दुसरीवर त्याच जाडीचा कडक थर, वरून एकच चादर.

उन्हाचं एक सांगायला हवं. पावसाळा सरला की गाद्या गच्चीवर टाकायच्या, ही आपली सवय कापसासाठी अगदी योग्य. ओल जाते, कापूस फुलतो. लेटेक्स आणि फोम मात्र उन्हात घालू नयेत. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी ते पिवळे पडतात, ठिसूळ होतात आणि हाताने चुरले जातात. सावलीत, वाऱ्यावर उभे करावेत. कोकणात तर प्लायवूडच्या बंद बॉक्सवर ठेवलेल्या गादीला खालून बुरशी धरते, म्हणून फळीला हवेसाठी भोकं पाडून घ्यावीत आणि महिन्यातून एकदा गादी भिंतीला टेकवून ठेवावी.

हे सगळं त्या कंबरदुखीसाठी, जी अंथरुणाशी बांधलेली असते: सकाळी जास्त, उठून हालचाल केली की अर्ध्या तासात उतरणारी. दुखणं याहून वेगळं वागत असेल तर गादी बदलण्यात वेळ घालवू नये. तिशीतल्या माणसाला पहाटे दुखण्याने जाग येत असेल, सकाळची ताठरता तासन्‌तास टिकत असेल, विश्रांतीने वाढून व्यायामाने कमी होत असेल, तर ते अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिससारखं सांध्यांच्या दाहाचं लक्षण असू शकतं. रात्री दुखणं, संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणं ही त्रयी दिसली तर आपल्या देशात मणक्याच्या क्षयाचा विचार आधी करावा लागतो. कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाची नवी पाठदुखी किंवा वयस्कर बाईला साध्या धक्क्याने सुरू झालेली कळ, हीही डॉक्टरांचीच कामं. आणि लघवी अडली किंवा नकळत झाली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातलं बळ गेलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं.

गादी कितीही चांगली असली तरी दिवसा तिच्यावर पडून राहणं हा कंबरदुखीवरचा उपाय नव्हे, हेही आता पक्कं झालं आहे. १९८६ साली अमेरिकेत रिचर्ड डेयो यांनी २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस अंथरुणात राहायला सांगितलं. बरं होण्यात फरक पडला नाही, पण सात दिवसवाल्यांच्या रजा मात्र जास्त गेल्या. १९९५ साली हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात, झेपतील तशी रोजची कामं चालू ठेवणारे हे झोपून राहणाऱ्यांपेक्षाच नव्हे, तर लगेच व्यायाम सुरू करणाऱ्यांपेक्षाही लवकर सावरले.

राहिला सकाळचा पहिला तास. रात्रभर पाणी पिऊन फुगलेल्या चकत्या तेव्हा ताठ असतात, आणि वाकलं की त्यांच्यावर नेहमीपेक्षा जास्त ताण पडतो. दिवसभरात आपली जेवढी उंची घटते त्यातली निम्म्याहून थोडी जास्त पहिल्या तासातच घटते, म्हणजे तेवढ्या वेळात चकत्या पुन्हा कामाला लागतात. स्टोव्हर स्नूक यांनी १९९८ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना सकाळी उठल्यावर काही काळ कमरेतून वाकणं टाळायला शिकवलं, आणि त्यांचे दुखण्याचे दिवस कमी झाले. आपल्याकडे नेमक्या त्याच तासात अंगण झाडायचं असतं, फरशी पुसायची असते, पाण्याची कळशी नाहीतर बादली उचलायची असते. उठताना आधी कुशीवर वळावं, पाय काठावरून खाली सोडावेत आणि हाताने अंग वर रेटावं. केर काढणं नाश्त्यानंतर ठेवलं तरी चालतं.